गुरांची डॉक्टर माणसांच्या वर्गात

गाय लाथ मारणार आहे की नुसतीच धमकी देते आहे, हे डॉक्टरीणबाईंना तिच्या कानांवरून कळायचं. गुरांची डॉक्टरकी करता करता त्यांनी चाळिशी गाठली होती. दिवसभर गोठ्यागोठ्यांतून हिंडायचं, अडलेली म्हैस मोकळी करायची, फुगलेल्या बैलाचं पोट उतरवायचं, आणि संध्याकाळी घरच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं बघायची, असा त्यांचा क्रम. अंगाने दणकट, मनाने निर्मळ, आणि आवाज असा, की त्यांनी एका गोठ्यात "दोर सोड!" म्हटलं की शेजारच्या गोठ्यातला माणूसही हातातला दोर सोडून मोकळा व्हायचा.

त्यांच्या नवऱ्याचं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या. एकीत दुकान, दुसरीत दवाखाना, मध्ये एक दार. नवरा हसतमुख, कामाला चोख, चार माणसांत बसणारा. पण कुत्रा दिसला की त्याची गाळण उडायची. लहानपणी एका कुत्र्याने त्याला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं होतं, ती धाप अजून गेलेली नव्हती. दवाखान्यात कुत्रा आला की मधल्या दाराला आतून कडी.

लोक विचारायचे, "अहो, मग जनावरांच्या डॉक्टरशी लग्न कसं केलंत?"

"मला सांगितलं होतं, मुलगी मोठ्या जनावरांची डॉक्टर आहे," तो म्हणायचा. "मला वाटलं, चला, हत्तीची भीती वाटत नाही आपल्याला."

सासूबाई यावर तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांची जीभ धारदार होती, पण धार कुणाला लागत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन आला. इस्पितळातले तापाचे डॉक्टर बोलत होते. दोघांची ओळख नव्हती.

"माझ्याकडे एक गोठेवाला दाखल आहे," ते म्हणाले. "ताप येतो, जातो. घामाने गादी भिजते. सांधे धरलेत. सगळ्या तपासण्या झाल्या, हाती काही लागत नाही. तो म्हणतो, माझ्या गाई तुम्ही बघता. सहज विचारतो, त्याच्या गोठ्यात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक कसलं? लागोपाठ तीन गाई गाभडल्यात, दिवस भरायच्या आधीच. कारण शोधतेय मी."

मग दोघं एकदमच म्हणाले, "रक्त तपासू या."

"त्याचं," डॉक्टर म्हणाले.

"आणि गाईंचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निघालं ते असं, की गाईंना आणि मालकाला एकच जंतू छळत होता. गाभडलेली गाय तो उघड्या हातांनी साफ करायचा, धारोष्ण दूध उभ्याउभ्या प्यायचा. बरोबर औषध मिळालं तशी त्याची तब्येत सुधारली. बाईंनी आजूबाजूचे गोठे पिंजून काढले, हातमोजे वाटले, दूध उकळून प्यायची तंबी दिली. काम फत्ते झालं. पण त्यांच्या डोक्यातून काही ते जाईना. तापाचे डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "आपण दोघं कित्येक महिने एकाच रोगाच्या मागे होतो, आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं. विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स आहे. दोन वर्षांची. जनावरांच्या डॉक्टरांनाही घेतात. जात कुणी नाही, ते सोडा."

रात्रीच्या जेवणाला बाईंनी विषय काढला. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"अगं, चाळिशीत कॉलेज? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

"हातचं सोडत नाहीये. सकाळी गोठे, दुपारी वर्ग. संध्याकाळचा दवाखाना तेवढा आठवड्यातून दोनदाच."

"म्हणजे कुत्री आठवड्यातून दोनदाच येणार?"

"हो."

"मग शीक," नवरा म्हणाला. "चांगलं शीक. वाटलं तर त्याच्यापुढचंही शीक."

प्रवेशाच्या मुलाखतीला टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आजवर जनावरं हाताळलीत. माणसांचं जमेल का?"

"जनावर दुखणं सांगत नाही, पण लपवतही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस सांगतो एक, असतं भलतंच. जड जाईल मला. पण शिकेन."

दोघे हसले. कडेला बसलेल्या मॅडम हसल्या नाहीत. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, पाठ पट्टीसारखी ताठ. त्यांनी एवढंच विचारलं, "बरं. मग?"

"मग काय?"

"शिकाल. मग काय करणार?"

डॉक्टरीणबाईंनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "ते अजून ठरलेलं नाही हो," त्या म्हणाल्या.

आपण माती खाल्ली असं त्यांना घरी येईपर्यंत वाटत होतं. पण यादीत नाव लागलं.

वर्गातली पोरं निम्म्या वयाची. कुणी नुकतंच डॉक्टर झालेलं, कुणी नर्सिंग केलेलं, एक तर चक्क इंजिनियर. पहिल्याच दिवशी मास्तरांचा माइक बंद पडला. मागच्या रांगांतून "ऐकू येत नाही" असा गलका झाला तेव्हा डॉक्टरीणबाई उठल्या आणि मास्तरांचं वाक्य न् वाक्य आपल्या आवाजात पुढे ढकलत राहिल्या. तास संपला तेव्हा बाहेरचा शिपाईसुद्धा साथीचे रोग कसे मोजतात ते शिकला होता. वर्गाने त्यांना 'मावशी' करून टाकलं.

त्यांच्या शेजारच्या बाकावर दातांचा एक तरुण डॉक्टर बसायचा. हा सदानकदा हसत असायचा म्हणून सगळे त्याला 'बत्तिशी' म्हणत. दाढा उपटून कंटाळलो, दात किडूच नयेत असं काहीतरी करायचंय, असं तो म्हणायचा. त्याची आणि मावशींची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली.

बाकी सगळं मावशींना लोण्यासारखं गेलं. पाण्यातून पसरणारे रोग, हवेतून पसरणारे रोग, लसी, कचरा, सांडपाणी, सगळं त्या गोठ्यातल्या दाखल्यांनी समजून घ्यायच्या आणि वर्गालाही द्यायच्या. पण संख्याशास्त्राने त्यांना आडवं पाडलं. पहिल्या चाचणीत त्या अशा आपटल्या की कागद घरी कुणाला दाखवला नाही. जेवायला बसल्या आणि नुसताच भात चिवडत राहिल्या.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "गणित का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा सातवीत गणितात गेला होता," मुलाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तेव्हा अस्साच चिवडत बसला होता. दुसऱ्या दिवशी भूक लागली. तुलाही लागेल. मग बस अभ्यासाला."

रविवारी सकाळी बत्तिशी घरी आला. दुकानातच बैठक जमली. नवऱ्याने फ्रेमांच्या पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे काढून दिले आणि टेबलावर त्यांचे स्तंभ उभे राहिले, आडवे झाले. पण 'पी व्हॅल्यू' नावाचं प्रकरण काही मावशींच्या गळी उतरेना.

शेवटी बत्तिशीने हात टेकले. "मावशी, तुमच्या भाषेत सांगतो. दोन गोठे. एकाला नवा चारा, एकाला जुना. नव्या चाऱ्याच्या गाईंनी जास्त दूध दिलं. आता हे चाऱ्यामुळे, की नशिबाने?"

"ते कसं सांगणार? गाई गाईत फरक असतो."

"अगदी! म्हणून आधी धरून चालायचं, की चाऱ्यात काही म्हणजे काही दम नाही. मग विचारायचं, तसं असतं तर निव्वळ नशिबाने एवढा मोठा फरक पडायची शक्यता किती?"

डॉक्टरीणबाई पुठ्ठ्याच्या पिवळ्या तुकड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे शक्यता अगदीच थोडी असली, तर म्हणायचं, बाबा रे, नुसत्या नशिबावर भागत नाही, चाऱ्यात काहीतरी असावं?"

"तेच!"

"हात्तिच्या!" बाई ओरडल्या. "एवढंच होय!"

त्या आवाजाने बाहेर ओट्यावर झोपलेला कुणाचा तरी कुत्रा दचकून भुंकत सुटला, आणि नवरा पुठ्ठ्यांसकट टेबलावर चढला. बत्तिशी हसता हसता स्टुलावरून पडला. पुढच्या परीक्षेत मावशी वर्गात चौथ्या आल्या.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाची वेळ आली. मार्गदर्शक म्हणून नेमक्या मुलाखतीतल्या त्याच मॅडम मिळाल्या. डॉक्टरीणबाईंनी विषय निवडला कुत्रा चावण्याचा. कुणाला चावतो, कुठे, केव्हा, आणि चावल्यावर माणसं काय करतात? इस्पितळात आकडे मिळाले असते, पण इस्पितळात न येणाऱ्यांचं काय? त्यासाठी घरोघरी जाणं भाग होतं.

पहिल्या दिवशी त्या एकट्याच गेल्या आणि हात हलवत परतल्या. दार उघडलं की त्या गोठ्यातल्या आवाजात विचारायच्या, "तुमच्याकडे कुत्रा आहे? चावतो का?" घरातला माणूस पांढराफटक पडायचा. "कुत्रा? कुणाचा? आमचा नाही हो, आपला आपण येतो!" लोकांना वाटायचं, बाई दंड करायला आली. एका घरातून तर "घरात कुणी नाही!" असं तीन वेगवेगळ्या आवाजांत उत्तर आलं.

"अहो, तुम्ही चला माझ्याबरोबर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अर्ध्या वस्तीच्या लग्नाचे फोटो तुम्ही मढवलेत. तुम्हाला बघून दार उघडतील."

"कुत्रा चावण्याच्या कामाला मी?"

"प्रश्न मी विचारीन. तुम्ही नुसतं हसायचं."

"कुत्रा असेल तिथे मी फाटकाच्या बाहेरून हसणार."

"चालेल."

आणि काय सांगावं, दारं धडाधड उघडायला लागली. "अरे, फ्रेमवाले! या, या!" भिंतीवरच्या फोटोची विचारपूस व्हायची, चहा यायचा, आणि मग लोक असे काही बोलायचे की प्रश्न मागे पडत आणि उत्तरं पुढे धावत. पोटऱ्या, कोपर, तळवे दाखवले गेले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मला चावलाय, पण जागा जरा अडचणीची आहे. पुरावा बघायचा का?"

"नको नको," डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर विश्वास आहे."

एकाने जखमेवर टूथपेस्ट थापली होती. का, तर जाहिरातीत जंतू मरतात म्हणून. बत्तिशीला हे कळलं तेव्हा दोन दिवस त्याला हसू आवरेना.

हळूहळू चित्र उमटत गेलं आणि ते अपेक्षेपेक्षा निराळंच होतं. बाईंना वाटलं होतं, रस्त्यावरची भटकी कुत्रीच चावत असणार. पण बहुतेकांना चावला होता तो घरचा नाहीतर शेजारचा, रोजच्या ओळखीचा कुत्रा. चावा घेतला होता तो जास्त करून लहान मुलांचा, आणि तोही कुत्रा खात असताना, झोपलेला असताना, किंवा पिल्लांजवळ असताना. शिवाय जवळजवळ सगळ्यांनी रेबीजच्या लसीची पहिली सुई घेतली होती. पुढच्या मात्र कितीतरी जणांनी सोडून दिल्या होत्या.

हे सगळं घेऊन त्या मोठ्या उत्साहाने मॅडमकडे गेल्या. मॅडमनी तक्ते पाहिले, आकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "बरं. मग?"

"मग लोकांना समजावायला हवं, की सगळ्या सुया पूर्ण करा. निष्काळजीपणा आहे हा."

"निष्काळजीपणा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंनी आपलेच तक्ते पुन्हा चाळले. खरंच कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्या पुन्हा निघाल्या, पुन्हा त्याच दारांवर. या वेळी आवाज खाली आणि प्रश्न एकच: पुढच्या सुया का राहिल्या? विटा वाहणाऱ्या एका बाईने त्यांना पायरीवर बसवून घेतलं. तिच्या मुलाला कुत्रा चावला होता.

"ताई, आरोग्य केंद्रात सुई मिळते सकाळची. सकाळी मी कामावर, हा शाळेत. एकदा खाडा केला, दुसऱ्यांदाही केला. तिसऱ्यांदा मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. तुम्हीच सांगा, काय करायचं? कुत्रं चावतं संध्याकाळी आणि सुई मिळते सकाळी!"

हेच उत्तर थोड्याफार फरकाने घरोघरी मिळालं. सुया अर्धवट सोडलेल्यांना त्यांनी त्याच आठवड्यात केंद्रातल्या सिस्टरशी बोलून आडवेळेला नेऊन उरलेल्या सुया द्यायला लावल्या. मग प्रबंधात दोन शिफारशी लिहिल्या. लसीची वेळ संध्याकाळचीही ठेवा, आणि शाळेत मुलांना कुत्र्याची भाषा शिकवा.

"लिहायला सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "शाळेचं करून दाखवा. मी येते बघायला."

शाळेच्या रखवालदाराची 'ढबी' नावाची एक म्हातारी कुत्री होती. पिंपासारखी गोल, दात पडत आलेले, स्वभाव गाईचा. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून, लस टोचून तयार केली. मुलांना शिकवायचं होतं ते साधंच. खाणाऱ्या कुत्र्याला, झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. हात खाली, नजर जमिनीकडे. आणि चावलाच, तर साबण लावून वाहत्या नळाखाली जखम चांगली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

झाड व्हायला बत्तिशी यायचा होता. ऐन वेळी त्याचा फोन आला, बस चुकली. मैदानावर सगळी शाळा मांडी घालून बसलेली, मॅडम खुर्चीवर ताठ. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो फक्त फलक टांगायला आला होता.

"नाही," तो म्हणाला.

"मी काही बोललेच नाही."

"डोळे बोलले तुझे. नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारलं, "काका घाबरतात?"

सगळ्या शाळेने माना वळवल्या. नवऱ्याने हातातला फलक खाली ठेवला. "हो," तो म्हणाला, "फार." आणि कुणास ठाऊक कुठून बळ आलं, तो मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हात खाली, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत.

रखवालदाराने ढबीला सोडलं. ढबी डुलत डुलत आली. तिने झाड हुंगलं, झाडाला एक फेरी मारली आणि झाड आवडलं असावं, कारण ती त्याच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून चक्क झोपली. पाचशे पोरांनी श्वास रोखले होते. ढबीचं घोरणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

त्या शांततेत मॅडमचा आवाज आला, "बरं. मग?"

"मग काय!" झाड डोळे न उघडता किंचाळलं. "आता हिला उठवा!"

मैदान फुटलं. पोरं लोळायला लागली, मुख्याध्यापकांनी रुमालात तोंड खुपसलं, आणि मॅडमची ती ताठ पाठ आयुष्यात पहिल्यांदाच असावी अशी वाकली. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही!" पोरं एका सुरात ओरडली. "काका, थांबा! हात लावायचा नाही!"

ढबी आपल्या मर्जीने उठेपर्यंत नवरा तसाच उभा होता. हळूच त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. "गरम असतं गं कुत्रं," तो बायकोला म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

प्रबंध पास झाला. पदवीच्या दिवशी गाऊन घातलेल्या मावशींना उचलून घ्यायचा बत्तिशीने आणि इंजिनियरने मिळून प्रयत्न केला, आणि तिघेही हिरवळीवर पडले. सासूबाईंनी मॅडमना गाठून विचारलं, "हुशार आहे का हो आमची? घरी कळत नाही."

"हुशार आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण त्याहून चांगलं म्हणजे, पुन्हा विचारायला जाते."

आरोग्य केंद्राच्या साहेबांना संध्याकाळच्या वेळेसाठी पटवायला मात्र बरेच हेलपाटे घालावे लागले. "कोण येणार संध्याकाळी?" हे त्यांचं पालुपद. शेवटी दोन महिने करून तर बघू, आठवड्यातून दोन संध्याकाळी, यावर ते राजी झाले आणि डॉक्टरीणबाईंनाच अर्धवेळ नेमून त्यांनी जबाबदारी गळ्यात घातली.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले, सिस्टर टेबल मांडून बसली, आणि कुणीच येईना. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाई दारात येरझाऱ्या घालत होत्या. मग कोपऱ्यावरून विटा वाहणारी ती बाई येताना दिसली. आपलं पोर घेऊन नव्हे, त्याच्या सुया केव्हाच झाल्या होत्या, तर शेजारणीच्या दोन पोरांना दोन्ही हातांत धरून. तिच्यामागे एक रंगारी, अंगावरच्या रंगासकट. मग दुकान बंद करून आलेला एक शिंपी, मग आजोबांना स्कूटरवर घेऊन आलेली नात. खुर्च्या पुरेनात. नवऱ्याने दुकानातली दोन्ही बाकं हातगाडीवर घालून आणली. एक पोर सुईला घाबरून भोकाड पसरायचं, त्याला बघून दुसरं सूर लावायचं, आणि मोठी माणसं एकमेकांना आपापल्या कुत्र्यांचे पराक्रम ऐकवत बसायची.

त्या गर्दीत सिस्टरला रांगेत एक म्हातारी दिसली, डोक्यावरून पदर घेतलेली, नीट नंबर धरून उभी.

"आजी, तुम्हाला कुठे चावला?"

"मला कोण चावतंय?" सासूबाई म्हणाल्या. "सुनेचं काम बघायला आलेय. जरा पुढे सरकू दे, इथून दिसत नाही."

सिस्टरने त्यांना आपल्या शेजारी स्टूल दिलं, आणि शेवटचं पोर दंड चोळत घरी जाईपर्यंत सासूबाई तिथून हलल्या नाहीत.